लाल गोळी आणि काचेमागची बरणी

डोहाळजेवणाची हिरवी साडी घ्यायला मध्य मुंबईतल्या कित्येक घरांची पावलं अजूनही हिंदमाताकडेच वळतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्त्यावरच्या दुकानांत पंधरा साड्या उलगडून घ्यायच्या, सोळावी पसंत करायची, घासाघीस करायची आणि आलोच आहोत तर म्हणून परळच्या बाजूला चालत सुटायचं. तिकडे केईएम, वाडिया, टाटा अशी रुग्णालयांची दाटी, आणि त्यांच्या आधाराने वाढलेली औषधांची दुकानं. पिशवीत हिरवी साडी असलेली सून आणि तिच्यासोबतची सासू किंवा आई अशा दुकानासमोर थांबते आणि म्हणते, “हिच्यासाठी काहीतरी ताकदीचं द्या.”

काचेमागे ताकदीला तोटा नाही. गरोदर बाईचं चित्र असलेले पावडरीचे डबे, केसांसाठीच्या गुलाबी चघळगोळ्या, चाळिशीनंतरच्या हाडांसाठी कॅल्शियम, ‘फक्त स्त्रियांसाठी’ म्हणून वीस-पंचवीस जीवनसत्त्वांची मोट बांधलेली बरणी, शतावरी, अश्वगंधा. यातली बरीचशी उत्पादनं औषध म्हणून विकलीच जात नाहीत. ती अन्नपूरक म्हणून, अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली विकली जातात आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असं वेष्टनावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा बहुतेकदा घरी राहिलेला असतो.

गंमत अशी, की बाईच्या आरोग्यासाठी ज्या पूरक गोळीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, ती या काचेमागे शोभेला ठेवलेली नसते. लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची ती गोळी सरकारी आणि पालिकेच्या दवाखान्यांत फुकट मिळते. तिच्यातल्या एका घटकाची कहाणी तर हिंदमाताहून चालत जाता येईल अशा एका जुन्या वास्तूत सुरू झाली.

ती वास्तू म्हणजे परळची हाफकिन संस्था. कधीकाळी हे मुंबईच्या गव्हर्नराचं निवासस्थान होतं. १८९९मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा इथे आली आणि १९२५मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं. १९२८मध्ये डॉ. मार्गारेट बाल्फर यांच्या सांगण्यावरून लूसी विल्स ही चाळिशीची इंग्रज डॉक्टर इथे दाखल झाली. केंब्रिजला वनस्पतीशास्त्र आणि भूशास्त्र शिकून मग वैद्यकाकडे वळलेली ही बाई. मुंबईत बायका बाळंतपणात का मरतात याची चौकशी तेव्हा चालू होती, आणि त्यातला एक धागा रक्तक्षयाचा होता. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही बायका पांढऱ्याफटक पडायच्या, धापा टाकायच्या, अंगावर सूज यायची आणि बऱ्याच जणी दगावायच्या.

त्याच १९२८च्या जुलैत मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकर कामगार बायकांना बाळंतपणाची पगारी रजा मिळावी म्हणून बोलत होते, आणि पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. विल्सबाईंनी ते भाषण ऐकलं होतं असं कोणी म्हणत नाही. पण कायदेमंडळात ज्यांच्या रजेवर चर्चा झडत होती, तशाच बायका सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर रक्ताच्या थेंबातून हजर होत्या.

विल्सबाईंची कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. औषध देण्याआधी त्यांनी हा रक्तक्षय नेमका कोणता, ते पाहिलं. लोह कमी पडलं की लाल पेशी लहान आणि फिकट होतात. इथे उलटं होतं. पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. म्हणजे नुसत्या लोहाने भागणारं दुखणं हे नव्हे. मग त्या मुंबईतल्या बायका खातात काय, राहतात कशा, याच्या मागे लागल्या. एस. एन. तळपदे यांच्यासोबत त्यांनी केलेली मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी १९३०मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत गरीब घरांत, विशेषतः पडद्यात राहणाऱ्या मुसलमान बायकांत हे दुखणं अधिक, आणि त्यांच्या ताटात भाजी, फळं, दूध-मांस जवळजवळ नाहीच, असं दिसत गेलं. जंतूचा संशय मागे पडला, ताटावर बोट आलं.

पुढचा भाग प्राण्यांवरच्या प्रयोगांचा. उंदरांनी घोळ घातला. त्यांच्यात रक्तक्षय होई तो आहारामुळे की उवांमधून पसरणाऱ्या एका संसर्गामुळे, हेच कळेना. माकडांनी मात्र साथ दिली. मुंबईतल्या गरीब बाईसारखाच आहार देऊन आजारी पाडलेल्या एका माकडाला विल्सबाईंनी मारमाइट चाटवलं. ब्रिटनमध्ये पावाला लावून खातात तो यीस्टचा काळा, खारट, उग्र वासाचा अर्क. माकड सुधारलं. मग बायकांना दिलं, त्याही सुधारल्या, आणि झपाट्याने. १९३१मध्ये हे निष्कर्ष ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. यकृताचा अर्कही गुण देई, पण तो महाग, मारमाइट स्वस्त.

मारमाइटमध्ये नेमकं काय होतं, ते तेव्हा ठाऊक नव्हतं. त्या अज्ञात गुणकारी घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. १९४१मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन नावावरून फॉलिक अ‍ॅसिड झाला. तो कृत्रिमरीत्या बनवण्याचं काम १९४५च्या सुमारास लेडरले प्रयोगशाळेत पार पडलं. त्या गटाचे सूत्रधार होते आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. म्हणजे प्रश्न मुंबईच्या बाईचा, कौल माकडाचा, आणि उत्तराला शेवटचा हात लावणारा तेलुगू माणूस. तरीही परळ-लालबागमध्ये विल्स हे नाव घेतलं तर फारसं कोणाला काही आठवत नाही. २०१९च्या १० मे रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, गूगलच्या पानावर त्यांचं चित्र झळकलं, तेवढीच काय ती उजळणी.

१९७०मध्ये भारत सरकारने रक्तक्षय रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा गरोदर बाईच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड होतं. नव्वदच्या दशकात लोह १०० मिलिग्रॅमवर गेलं. २०१८च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ने ते पुन्हा ६०वर आणलं. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस, असा हिशेब. ही लाल गोळी. शाळकरी वयातल्या मुलींना आठवड्यातून एकदा मिळते ती निळी, आणि त्याहून लहान मुलांची गुलाबी.

गोळीचा गुण किती? दुनियाभरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१५च्या आढाव्यात, गरोदरपणात रोज लोह घेतल्याने नऊ महिने भरताना रक्तक्षय असण्याची शक्यता सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. आहारपूरकांच्या जगात इतका ठसठशीत आकडा क्वचित सापडतो. काचेमागच्या कुठल्याही बरणीवर असा आकडा नाही.

आणि तरीही २०१९-२१च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांमध्ये रक्तक्षय निघाला. आधीच्या पाहणीत तो ५३ टक्के होता. महाराष्ट्रात ४८वरून ५४ टक्के. पन्नास वर्षं गोळ्या वाटून आकडा वर कसा चढतो? एक वाद मोजणीचा आहे. पाहणीत बोट टोचून काढलेल्या थेंबावर हिमोग्लोबिन मोजलं गेलं, आणि शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या तुलनेत ही पद्धत रक्तक्षय जास्त दाखवते, असं अनेक भारतीय तज्ज्ञांचं म्हणणं. त्यामुळे पुढच्या मोजणीसाठी शिरेतल्या रक्ताचा आग्रह धरला गेला. पण मोजणीत सगळं खापर फोडण्यात अर्थ नाही. त्याच पाहणीत १८० दिवस किंवा जास्त गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या माता जेमतेम २६ टक्के होत्या. गोळी वाटली गेली आणि गोळी पोटात गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

न घेण्याची कारणं घराघरांत ऐकू येतात. मळमळतं. तोंडाला गंजल्यासारखी चव येते. संडासला काळं होतं, खडा होतो. “गोळीनं बाळ काळं होतं” किंवा “बाळ फार मोठं होतं, मग पोट फाडावं लागतं” ही भीतीही जिवंत आहे, आणि ती निराधार आहे. काळं होतं ते मलातलं न शोषलेलं लोह. बाळाच्या रंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही. मळमळीचा त्रास मात्र खरा आहे. ‘सहन करा’ म्हणून तो सुटत नाही. गोळी रात्री झोपताना घेतली, सुरुवातीला जेवणानंतर घेतली, तर बऱ्याच जणींना सोसते. शोषण थोडं घटलं तरी चालेल. पिशवीत पडून राहिलेल्या गोळीचं शोषण शून्य असतं.

चहाबद्दल मात्र कडक बोलायला हवं. मुंबईत जेवणाच्या आगेमागे कटिंग लागतोच, आणि चहातले टॅनिन लोहाला आतड्यात धरून ठेवतात. दूध आणि कॅल्शियमची गोळी तेच करतात. गरोदर बाईला सरकारी नियमानुसार कॅल्शियमही मिळतं, ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि विसरू नये म्हणून ती दोन्ही गोळ्या एकाच घोटात घेते. त्यांच्यात काही तासांचं अंतर हवं. थायरॉइडच्या गोळीशी तर लोह आणि कॅल्शियम दोघांचंही वाकडं. तिथे चार तास मोजून सोडायचे. उलट लिंबू, आवळा, पेरू लोहाला हात देतात. उसळीवर लिंबू पिळणाऱ्या आजीला हे शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं.

रोज घ्यावी की एक दिवसाआड, हा अलीकडचा प्रश्न. लोहाचा मोठा डोस पोटात गेला की शरीर हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि पुढच्या दिवशीच्या लोहाला दार अर्धवट लावून घेतं. २०१७मध्ये स्वित्झर्लंडमध्ये लोह कमी असलेल्या तरुण बायकांवर झालेल्या चाचणीत रोज घेतल्यावर सुमारे १६ टक्के लोह शोषलं गेलं, एक दिवसाआड घेतल्यावर जवळजवळ २२ टक्के. गोळीने हैराण होणाऱ्या, गरोदर नसलेल्या बाईसाठी ही चांगली वाट आहे. गरोदरपणात दिवस मोजके आणि गरज मोठी, तिथे रोजचाच सल्ला कायम आहे.

लोह सर्वांसाठी सुरक्षित नाही, हे सांगायला परळहून लांब जावं लागत नाही. केईएमच्या आवारातच राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे आणि थॅलेसेमिया हा तिच्या अभ्यासातला मोठा विषय. मुंबईतल्या सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत या दोषाचे वाहक बरेच. वाहक बाईचं हिमोग्लोबिन किंचित कमी असतं, पेशी लहान असतात, म्हणजे कागदावर चित्र हुबेहूब लोहाच्या कमतरतेचं. वर्षानुवर्षं तिला ‘एचबी वाढत नाही’ म्हणून गोळ्या, मग टॉनिक, मग शिरेतून लोह असं चढत्या क्रमाने दिलं जाऊ शकतं. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिनची चाचणी आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी एक चाचणी हा घोळ मिटवतात. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलच्या बाबतीतही तेवढीच सावधगिरी लागते. विल्सबाईंचा पहिला प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो: रक्तक्षय आहे, पण कोणता?

एक धोका तर बाईला नाहीच, तिच्या धाकट्याला आहे. लाल, साखरेचा लेप दिलेली गोळी दोन वर्षांच्या मुलाला गोड खाऊ वाटते, आणि मूठभर गोळ्या त्याचा जीव घेऊ शकतात. डबा वरच्या फळीवर हवा.

आता काचेमागची बरणी. तिचं सगळंच टाकाऊ नाही. लोह आणि कॅल्शियमच्या बाबतीत खासगी ब्रँड घेतला तरी काही बिघडत नाही. फक्त लोहाचा आकडा वाचताना ‘मूळ लोह’ किती ते पाहावं. फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या सुक्या गोळीत मूळ लोह असतं ६५च्या आसपास, आणि किंमत मात्र मोठ्या अक्षरांतल्या आकड्यावर ठरते.

चाळिशीनंतरच्या कॅल्शियमचं तेज अलीकडे बरंच उतरलं आहे. अमेरिकेत रजोनिवृत्तीनंतरच्या ३६ हजारांहून अधिक बायकांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६मध्ये आले. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत खुब्याच्या हाडाची घनता थोडी वाढली, खुबा मोडण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही, आणि मुतखडे १७ टक्क्यांनी वाढले. २०२२मध्ये २५ हजारांवर लोकांच्या चाचणीत नुसत्या ड जीवनसत्त्वानेही निरोगी मध्यमवयीनांची हाडं मोडायची थांबली नाहीत. ज्यांच्यात ड खरोखर कमी आहे त्यांची गोष्ट वेगळी, आणि चाळीत किंवा टॉवरमध्ये उन्हाला पारख्या बायका भरपूर आहेत. पण आठ आठवड्यांसाठी लिहून दिलेलं ६० हजार युनिटचं पाकीट शेजारणीच्या सल्ल्याने वर्षभर घेतलं, तर रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात.

केसांच्या गोळ्यांची भानगड अधिक मजेशीर. त्यांतलं बायोटिन शरीराला दिवसाला ३० मायक्रोग्रॅम पुरतं. गोळीत असतं पाच-दहा मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट. केस दाट होतात असा चांगला पुरावा निरोगी माणसांत नाही, पण प्रयोगशाळेची यंत्रं मात्र फसतात. थायरॉइड ठणठणीत असलेल्या बाईचा अहवाल थायरॉइड भडकल्यासारखा येऊ शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यात वाढणारा ट्रोपोनिन खोटा कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७मध्ये याचा इशारा दिला, तोही एक मृत्यू झाल्यानंतर. रक्त द्यायला जाताना उपाशी आहात का, असं विचारतात. केसांची गोळी घेता का, असं विचारणारा अजून विरळा.

गरोदरपणात अ जीवनसत्त्वाची तयार मात्रा दिवसाला १० हजार युनिटच्या वर गेली, तर बाळात व्यंगाचा धोका वाढतो. म्हणून कॉड माशाच्या तेलाच्या आणि ‘मल्टि’च्या गोळ्या एकावर एक चढवू नयेत. आणि ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य तर जपूनच घ्यावं. २००४मध्ये बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या दक्षिण आशियाई बनावटीच्या ७० औषधांपैकी १४मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. २०११-१२मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं निघालं, त्याचं मूळ भारतातून आणलेल्या अशा औषधांत होतं. त्यांतल्या काहींनी ती मुलगा व्हावा म्हणून घेतली होती. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी गेल्या काही वर्षांत वाढल्या. डेन्मार्कने २०२३मध्ये ती आहारपूरकांतून हद्दपार केली. तो निर्णय कोणाला टोकाचा वाटेल, पण पोटात बाळ असताना अश्वगंधा घेऊ नये, इतपत सावधपणा टोकाचा नाही.

मग डिंकाचे आणि अळिवाचे लाडू? ते गोळीला पर्याय नाहीत आणि वैरीही नाहीत. बाळंतिणीला त्यातून उष्मांक, तूप, सुकामेवा, अळिवातलं लोह मिळतं आणि कोणीतरी तिच्यासाठी काही केलं, हेही मिळतं. अन्नानेच काम होतं का, हे मुंबईत तपासलंही गेलं आहे. २००६पासून शहरातल्या झोपडपट्ट्यांत ‘सरस’ नावाचा प्रकल्प चालला. साडेसहा हजारांवर बायकांपैकी निम्म्यांना दिवस जाण्याआधीपासूनच रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला समोसा-भजीसारखा चटपटीत खाऊ मिळे. उरलेल्या निम्म्यांना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. सगळ्यांच्या बाळांचं वजन धरलं, तर फरक हिशेबात घेण्याजोगा नव्हता. पण दिवस जाण्याआधी किमान तीन महिने तो खाऊ खाल्लेल्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने भरली, आणि पालेभाजीच्या गटात गरोदरपणातला मधुमेह १२ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आला. हा दुसरा निकाल खरं तर मथळ्यात यायला हवा होता.

‘दिवस जाण्याआधी’ हे शब्द फॉलिक अ‍ॅसिडच्या बाबतीत आणखी वजनदार होतात. बाळाचा मज्जारज्जू ज्या नळीतून घडतो ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळून बाई दवाखान्यात येईपर्यंत काम आटोपलेलं असतं. १९९१च्या ब्रिटिश चाचणीत, आधी असा दोष असलेलं मूल झालेल्या मातांना गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड दिल्यावर तो दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे गोळी हातात पडते ती बहुधा नाव नोंदवल्यावर. हिरव्या साडीच्या वेळी तर खूपच उशीर झालेला असतो.

पण याच घटकाला एक मराठी पुरवणी आहे, आणि ती पुण्याची. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी निघालं. फॉलेट, म्हणजे रक्तातलं हेच जीवनसत्त्व, कमी असलेली माता निघाली अवघी एक. म्हणजे विल्सबाईंच्या मुंबईत जे नव्हतं, ते इथल्या शेतकरी घरांत भाजी-डाळीतून आणि गोळीतून पुरेसं होतं. उणीव होती ती दूध-अंडी-मांसातून मिळणाऱ्या बी-१२ची. पुढे ती मुलं सहा वर्षांची झाली. ज्यांच्या आयांच्या रक्तात फॉलेट चढं आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांमध्ये इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे झुकण्याची खूण सर्वाधिक होती. २००८मध्ये हे प्रसिद्ध झालं. शिवाय फॉलिक अ‍ॅसिड एकट्याने दिलं, तर बी-१२च्या कमतरतेचा रक्तक्षय झाकला जातो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहू शकते, हे डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होतं.

सरकारी लाल गोळीत आजही लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड ही दोनच नावं आहेत. बाजारातल्या महागड्या बरण्यांत बी-१२ असतं. शाकाहारी घरातल्या, दुधालाही महाग असलेल्या बाईला त्या बरणीतलं हे एकच नाव खरोखर हवं असतं, आणि त्यासाठी तिला बायोटिनपासून शतावरीपर्यंत सगळ्यांचे पैसे मोजावे लागतात.

पुण्याच्या गटाने २०१२मध्ये पुढचं पाऊल टाकलं. १९९३च्या त्या अभ्यासात ज्यांची पोटात असल्यापासून नोंद झाली, त्याच मुलामुलींना किशोरवयात, लग्नाच्या कितीतरी आधी, रोज दोन मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायला सुरुवात केली. काहींना इतर सूक्ष्म पोषकांसोबत, काहींना नुसतं, काहींना त्यातलं काहीच नाही. मग त्यांची लग्नं झाली, दिवस गेले, आणि त्यांच्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासायला घेतलं गेलं.